हा प्रश्न विचारायचा कुणी?

आतड्यांच्या दाहक विकाराचा रुग्ण दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याला काय काय विचारलं जातं, ती यादी मला पाठ आहे. दिवसातून किती वेळा जावं लागतं? रक्त पडतं का? आव? रात्री उठावं लागतं का? कळ आली की थांबवता येतं, की कपडे खराब होतात? वजन? भूक? सांधे दुखतात का? डोळे लाल होतात का? अनोळखी माणसापुढे आपल्या शौचाचा रंग आणि पातळपणा वर्णन करायला आम्ही पहिल्या महिन्याभरात शिकतो. बोटाने तपासणी होते, दुर्बीण आत जाते, चार शिकाऊ डॉक्टर पायांशी उभे राहून बघतात. लाज म्हणून जी काही गोष्ट असते ती तिथेच गळून पडते. आणि एवढं सगळं झाल्यावरही एक प्रश्न कुणी विचारत नाही: या आजारामुळे, किंवा आम्ही देतो त्या औषधांमुळे, तुमच्या शरीरसंबंधांत काही अडचण येते का?

विचारणारे काही डॉक्टर असतील. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते हा प्रश्न न विचारण्याला सभ्यता समजणाऱ्या रीतीशी. मी ती उपचारातली त्रुटी मानते. ज्या गोष्टीवर आजाराचा आणि औषधाचा परिणाम होतो हे वैद्यकाला माहीत आहे, ती रुग्णाला न विचारणं आणि न सांगणं यात सभ्यता कुठे आली?

माझ्याबद्दल एवढंच सांगते. मला क्रोन्स आहे. २००९ साली, सत्ताविसाव्या वर्षी निदान झालं. त्याआधी सहा महिने मी आतड्याच्या क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या. आपल्याकडे हे पुष्कळांच्या वाट्याला येतं, कारण आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून बरेचदा सारखेच दिसतात. व्यवसायाने मी भाषांतरकार आहे. हैदराबादेत राहते आणि इंग्रजीतले वैद्यकीय कागद मराठीत आणते: संमतीपत्रं, माहितीपत्रकं, औषधांच्या चाचण्यांसाठीच्या प्रश्नावल्या. म्हणजे ज्या कागदांवर माझ्यासारखे लोक सह्या करतात, ते कागद लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. पुढे जे म्हणते आहे ते या दोन्ही नात्यांनी.

आजार मुख्यतः दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या आतल्या अस्तराला व्रण पडतात. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही आणि आतड्याच्या भिंतीच्या संपूर्ण जाडीत दाह होऊ शकतो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव चिकटलं पहिल्याचं. दोन्ही आजार आयुष्यभराचे. मधूनमधून शांत होतात, पुन्हा उसळतात. आणि दोन्ही बहुतेकदा सुरू होतात पंधरा ते पस्तीस या वयात, म्हणजे माणूस ज्या वयात प्रेमात पडतो, लग्न करतो किंवा मोडतो, मूल हवं की नको ते ठरवतो.

आता एखाद्याने विचारावं की पोटाच्या आजाराचा आणि अंथरुणाचा संबंध काय. संबंध सगळ्या बाजूंनी आहे. दिवसातून बारा वेळा जावं लागणाऱ्या माणसाला जवळ येण्याच्या क्षणी पहिली भीती असते ती कळ येण्याची. रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन आठावर आलेलं असतं, तेव्हा इच्छा कुठून येणार? क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ भगंदर होतात. कधी ते योनिमार्गातही उघडतात. त्यांत पू वाहता राहावा म्हणून सेटन नावाचा दोरा घालून महिनोन्‌महिने ठेवतात. तो दोरा असताना बसायचं कसं हे मला नर्सने सांगितलं, कोणती गादी घ्यायची तेही सांगितलं. तो दोरा असलेली बाई नवऱ्याजवळ झोपू शकते का, हे कुणी सांगितलं नाही. आणि या सगळ्यासोबत येतं नैराश्य. या रुग्णांच्या लैंगिक अडचणींवर जे संशोधन झालं आहे त्यात सर्वांत सातत्याने दिसणारं कारण तेच आहे. त्यावरची काही प्रचलित औषधं पुन्हा इच्छाच कमी करतात, हेही आधी सांगायला हवं.

मग उपचार. प्रेडनिसोलोनने चेहरा गोल होतो, मुरमं येतात, पोटावर जांभळे चट्टे उमटतात, झोप उडते. स्वतःचंच शरीर परक्याचं वाटायला लागतं. सल्फासॅलाझिन ही जुनी, स्वस्त गोळी पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी करते. गोळी बंद केली की साधारण दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतं, आणि तिच्याऐवजी मेसालामाइन देता येतं. दोन वाक्यांची माहिती. ती न मिळाल्यामुळे एखादं जोडपं वंध्यत्वाच्या तपासण्यांत वर्ष घालवतं, आणि आपल्याकडे त्या तपासण्या कुणाच्या आधी होतात ते वेगळं सांगायला नको. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. त्याच्या चिठ्ठीवर फक्त ‘प्रेग्नन्सी टाळा’ असं लिहून भागत नाही, कशाने टाळायची तेही सांगावं लागतं. लहान आतडं खूप बिघडलेलं असेल तर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाण्याची खात्री नसते, आणि आजार उसळलेला असताना इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. उलट ॲझाथायोप्रिन गरोदरपणातही बहुधा चालू ठेवता येतं, आणि आजार उसळलेला असताना गर्भ राहणं हे औषधापेक्षा अधिक धोक्याचं असतं. हे माहीत नसलेल्या बाया पाळी चुकल्याबरोबर सगळ्या गोळ्या बंद करतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या स्त्रियांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी नियमित करून घ्यायला हवी, कारण एचपीव्हीचा संसर्ग त्यांच्यात अधिक टिकतो. त्याची लस आता पुण्यातच बनते. कितीजणींना पोटाच्या डॉक्टरांनी हे सांगितलं?

शस्त्रक्रियेचं तर विचारूच नका. मोठं आतडं आणि गुदाशय काढून टाकायचा, लहान आतड्याचीच पिशवी शिवून ती गुदद्वाराला जोडायची, ही पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकल्स यांनी १९७८ साली मांडली. पोटावरची कायमची पिशवी टळली, हे तिचं मोठं उपकाराचं काम. पण गुदाशय जिथे असतो तिथूनच लैंगिक क्रियेच्या नसा जातात. त्या दुखावल्या तर पुरुषाला ताठरता किंवा वीर्यस्खलनाची अडचण येऊ शकते. स्त्रियांत गर्भनलिकांभोवती चिकटा धरतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, कोलायटिस असलेल्या आणि नुसत्या औषधांवर असलेल्या स्त्रियांत वंध्यत्वाचं प्रमाण १५ टक्के होतं, ते या शस्त्रक्रियेनंतर ४८ टक्के निघालं. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत हे नुकसान कमी होतं, नलिका बंद झाल्या तरी आयव्हीएफचा मार्ग उरतो, आणि पुष्कळ रुग्णांचं लैंगिक आयुष्य शस्त्रक्रियेनंतर सुधारतंही, कारण आजारच गेलेला असतो. या सगळ्या बाजू सांगण्यासारख्या आहेत. मग पुरुषाला आधी वीर्य गोठवून ठेवायचं का हे ठरवता येईल, स्त्रीला शस्त्रक्रिया आत्ता की मूल झाल्यावर हे विचारता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की शस्त्रक्रियेचं स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नाही. मी भाषांतरासाठी हाती घेतलेल्या संमतीपत्रांत भूल देण्याचे धोके असतात, जंतुसंसर्ग असतो, रक्तस्राव असतो, मृत्यूसुद्धा असतो. हा धोका अनेकदा नसतोच, किंवा ‘इतर गुंतागुंत’ या दोन शब्दांत गुंडाळलेला असतो. माणसाला मृत्यूची शक्यता सांगता येते आणि ही सांगता येत नाही?

मी स्वतः विचारलं होतं. २०११ साली, सेटन असताना, एका डॉक्टरांना सरळ विचारलं की संबंध ठेवले तर चालतील का. उत्तर मिळालं, ‘आधी बऱ्या व्हा, मग ते बघू.’ उत्तर प्रेमळ होतं, आवाजही. पण ज्या आजाराचं निदान करताना याच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा पूर्ण बरा होत नाही, त्यात ‘बऱ्या व्हा, मग’ याचा अर्थ काय? हाडं जुळेपर्यंत थांबा हे मोडलेल्या पायाला सांगता येतं. आयुष्यभराच्या आजारात ‘नंतर’ नावाचं ठिकाण नसतं. आम्हाला त्या आजारात नोकरी करायला सांगतात, प्रवास करायला सांगतात, मुलं होऊ द्यायला सांगतात. आजारासह जगायला शिका, हेच तर सगळ्या माहितीपत्रकांचं ब्रीदवाक्य असतं. मग त्या जगण्यातून हेच तेवढं वगळायचं का?

आता मी माझ्या धंद्याकडे येते, कारण या नियतकालिकाच्या वाचकांचा या प्रकरणाशी खरा संबंध तिथे आहे.

जीवनमान मोजण्यासाठी या आजाराची एक प्रसिद्ध इंग्रजी प्रश्नावली आहे. ती १९८९ साली कॅनडात तयार झाली. ३२ प्रश्न, त्यांत एक असा की पोटाच्या त्रासामुळे गेल्या दोन आठवड्यांत तुमच्या लैंगिक क्रियेवर किती मर्यादा आली. म्हणजे हा प्रश्न महत्त्वाचा आहे हे वैद्यकाला तेव्हापासून माहीत आहे. पुढे, गर्दीच्या दवाखान्यात ३२ प्रश्न विचारायला वेळ नसतो म्हणून, १९९६ साली तिची १० प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. त्या दहांत हा प्रश्न नाही. मला यात कट दिसत नाही. संख्याशास्त्राच्या चाळणीत जे टिकलं ते ठेवलं. पण दवाखान्यांनी उचलली ती छोटी आवृत्ती, आणि काटछाट होते तेव्हा पहिल्यांदा काय जातं हे त्यातून दिसतं.

आपल्याकडे तर चाळणीचीही गरज पडत नाही, भाषांतरातच काम होतं. अशाच एका वेगळ्या प्रश्नावलीचं मराठी मी केलं होतं. मूळ शब्दासाठी मी लिहिलं ‘शरीरसंबंध’. तपासणाऱ्यांकडून कागद परत आला तो ‘वैवाहिक जीवन’ अशी दुरुस्ती होऊन. समासात शेरा: ‘ग्रामीण रुग्णांना अवघडल्यासारखं होईल.’ मी हरकत लिहून पाठवली, दुरुस्ती तशीच राहिली. आता विचार करा. ‘गेल्या महिन्यात आजारामुळे तुमच्या वैवाहिक जीवनावर किती परिणाम झाला?’ या प्रश्नाला अविवाहित मुलगी काय उत्तर देणार? ‘लागू नाही.’ विधवा? ‘लागू नाही.’ घटस्फोटित? ‘लागू नाही.’ नांदणारी बाई काय समजणार? सासूशी भांडण झालं का, स्वयंपाक जमतो का, नवरा नीट बोलतो का. ती प्रामाणिकपणे खूण करणार: ‘काही नाही.’ या खुणांची बेरीज होणार आणि कुठल्याशा परिषदेत पडद्यावर दिसणार की भारतीय रुग्णांना ही समस्या फारशी जाणवत नाही. एका शब्दाने एवढं केलं. आणि मग त्याच आकड्यावर बोट ठेवून कुणीतरी म्हणणार की बघा, आमच्या संस्कृतीत हा प्रश्नच नाही.

शब्द नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. मराठीत पुस्तकी शब्द आहेत, शिव्यांमधले आहेत, आणि या दोहोंच्या मधला बोलीतला मोठा साठा आहे: जवळ येणं, एकत्र येणं, संबंध येणं, नवऱ्याबायकोचं नातं. मी राहते त्या शहरात तेलुगूत ‘संसारा’ला निरुपयोगी म्हटलं की पुरुषाबद्दल काय म्हणायचं आहे ते पोराटोरालाही कळतं. मल्याळममध्ये तोच शब्द, ‘संसारम्’, बोलण्यासाठी वापरतात. शब्द सगळीकडे आहेत. तोंड कुणी उघडायचं एवढंच ठरायचं आहे.

आणि रुग्ण बोलत नाहीत, हेही खरं नाही. आमच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत नांदेड, परभणी, लातूरकडची माणसं पुष्कळ येतात. रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी केसपेपरच्या रांगेत. मी मराठी बोलते हे कळलं की बाजूला येऊन बसतात. तिशीची एक बाई, कोलायटिस, तीन वर्षांपासून उपचार चालू. इकडेतिकडे बघून म्हणाली, ‘ताई, एक इचारू का? रातच्याला ते औषध खालून घालून कुशीवर पडून राहा म्हणलेत. सांडलं तर वाया जाईल, हलायचं नाही. मालकाला वाटायलंय मी सोंग करायले म्हणून. रोजच पाठ करून झोपते म्हणतात.’ मेसालामाइनचा एनिमा रात्रभर आत राहावा लागतो. तिने जेवण झाल्या झाल्या, आठ वाजता घ्यायची सवय लावून घेतली होती. औषध झोपायच्या अगदी आधी घ्यायचं असतं आणि त्याच्या आधी नवराबायकोने जवळ यायला काही हरकत नाही, हे वाक्य उच्चारायला मला दहा सेकंदं लागली. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, ‘एवढंच होतं व्हय?’ तीन वर्षं ती बाई औषध नियमित घेत होती, आणि त्या नियमितपणाचा दंड घरी भरत होती. पुढे कधीतरी तिने औषधच सोडलं असतं, तर तिच्या कागदावर शेरा पडला असता: ‘रुग्ण सूचना पाळत नाही.’

डॉक्टर मंडळींचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला वेळेचा. ओपीडीत दीडशे माणसं, एकेकाला चार मिनिटं. मान्य. पण कुणी तासभर समुपदेशन करा असं म्हणत नाही. जॅक ॲनन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली एक पायऱ्यांची पद्धत मांडली, ती आजही शिकवतात. पहिली पायरी फक्त परवानगीची: हे इथे बोललं तरी चालेल, एवढं रुग्णाला कळू देणं. दुसरी थोड्या माहितीची, तिसरी नेमक्या सूचनेची, आणि शेवटची तज्ज्ञांकडे पाठवण्याची. बऱ्याच जणांचं काम पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरच भागतं. वरच्या बाईचं भागलं, आणि तेही डॉक्टरशिवाय.

दुसरा आक्षेप: हे आमचं क्षेत्र नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, मानसोपचाराकडे जा. पण सांध्यांबद्दल विचारता, डोळ्यांबद्दल विचारता, ती तरी कुठे पोटाची क्षेत्रं आहेत? आजार आणि औषध तिथपर्यंत पोचतं म्हणून विचारता. हेही तिथपर्यंत पोचतं. आणि स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणणार, हे तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना विचारा. ती वाट मी चालले आहे.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा, आणि तो सगळ्यांत लाडका. आपल्याकडे लोकांना असलं आवडत नाही. कुठल्या आपल्याकडे? देशातल्या कुठल्याही शहराजवळ गाडी येऊ लागली की रुळांशेजारच्या भिंती बघा. मर्दानी कमजोरी, गुप्तरोग, संतानप्राप्ती, खात्रीशीर इलाज, शिवाय फोन नंबर. तीन-तीन भाषांत, हातभर अक्षरांत. ज्या प्रश्नाला दवाखाना तोंड उघडत नाही, त्याला भिंत उत्तर देते. तिथून आणलेली पुडी रुग्ण घरच्यांपासून लपवून घेतो, डॉक्टरांपासूनही. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना पोटात दुसरं काय जातं आहे, हे मग कुणालाच कळत नाही. संस्कृती जपण्याची ही किंमत रुग्णाने आपल्या यकृतातून का मोजायची?

चौथा आक्षेप डॉक्टरांचा नाही, घरच्यांचा आहे: जीव वाचला हेच खूप, आता हे काय नवीन? हा मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण तो मायेने केला जातो. आजारी माणसाने कृतज्ञ राहावं, मागणं मागू नये. विशेषतः बाईने. आजारी बाईला मूल होईल का, एवढंच घरादाराला हवं असतं. तिला स्वतःला काही हवं असेल हे कुणाच्या गावीही नसतं. अविवाहित मुलीला तर ‘लग्न झालंय का?’ एवढाच प्रश्न येतो, आणि ‘नाही’ म्हटलं की फाइलचं ते पान मिटतं. समलिंगी पुरुषांची गत आणखी वाईट. ज्या अवयवावर उपचार चालू आहेत त्याचाच त्यांच्या शरीरसंबंधांशी थेट संबंध असू शकतो. गुदाशय काढण्याआधी त्यांच्याशी हे बोलायलाच हवं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना गुन्हेगारीच्या यादीतून काढलं. पण २०२४ साली वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने काढलेल्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक’ गुन्ह्यांत दिसले, आणि ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. अशा पुस्तकातून शिकणाऱ्या डॉक्टरासमोर कोण तोंड उघडेल?

मराठी माणसाने तर संस्कृतीचा आक्षेप घेऊच नये. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरले. पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालंच पाहिजे, ही भूमिका आपल्या भाषेत तेव्हाच मांडून झाली आहे. आज कुणावर खटला होणार नाही. तरीही आपण कर्व्यांची आठवण समारंभात काढतो आणि प्रश्नावलीत ‘वैवाहिक जीवन’ लिहितो.

साहित्याचंही यात अंग आहे. क्षयाने आपल्याला नायिका दिल्या. खोकणारी, फिकट, खिडकीशी बसलेली. सहा महिने मीही त्या घराण्यातली होते, फक्त क्षय पोटाचा. निदान बदललं आणि मी कथेतून बाहेर पडले, कारण ज्या आजारात संडासाची वाट धरावी लागते त्याला कुणी नायिका देत नाही. त्या नायिकेला इच्छाही असेल, हे तर दूरच. लिहिणारे ते शब्द वापरत नाहीत म्हणून भाषांतर करणाऱ्याला ते अवघड वाटतात. भाषांतर करणारा टाळतो म्हणून डॉक्टरांच्या कागदावर ते येत नाहीत. आणि मग डॉक्टर म्हणतात, आमच्या रुग्णांना असले शब्द कळत नाहीत.

म्हणून मागण्या लिहून ठेवते. निदानाच्या वेळी, औषध बदलताना आणि शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न विचारला जावा. लग्न झालेलं असो वा नसो, वय काहीही असो, बाई असो, पुरुष असो वा तृतीयपंथी. त्यासाठी दोन मिनिटं नातेवाइकांना बाहेर बसवावं, सासूला आणि नवऱ्यालाही. दार लोटून घ्यावं. डॉक्टरांना वेळ नसेल तर नर्सला शिकवावं. संमतीपत्रात ‘इतर गुंतागुंत’ न लिहिता नसांचं आणि नलिकांचं नाव घेऊन लिहावं. प्रश्नावल्यांत ‘वैवाहिक जीवन’ हा शब्द फक्त विवाहाबद्दल विचारायचं असेल तेव्हाच वापरावा.

आणि शब्द सुचत नाहीत अशी अडचण असेल तर हे घ्या, मी माझ्या कामातून घासून तयार केलेलं वाक्य. याला पेटंट नाही: ‘या आजारात आणि या औषधांवर पुष्कळ जणांना जोडीदाराच्या जवळ येताना त्रास होतो, किंवा इच्छाच होत नाही. तुम्हाला तसं काही होतं का? आज सांगायचं नसेल तर पुढच्या वेळी सांगा, मी पुन्हा विचारीन.’ नांदेडच्या बाईला ते कळतं, मी विचारून पाहिलं आहे. हिंदीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, बांगलात असंच साधं वाक्य त्या त्या भाषेतल्या माणसांनी करावं, आणि आपल्या गावच्या दवाखान्यात नेऊन द्यावं. शेवटचे तीन शब्द मात्र भाषांतरात गाळू नयेत.